जवसाला पाणी लागतं

कार्तिक सरत आला की बोईसरच्या आमच्या घरात सकाळी बारीकशी थंडी येते. ती फार टिकत नाही. कारखान्यांच्या पाळीच्या बसगाड्या रस्त्यावर सुरू झाल्या की तीही निघून जाते. पण तेवढ्या वेळात माझी नात शाल गुंडाळून ओट्यापाशी उभी राहते आणि एका चकचकीत पाकिटातून तपकिरी बिया चमच्यानं मोजून घेते. परवा तिनं विचारलं, "आजी, तू कधी फ्लॅक्स सीड्स खाल्ल्या आहेस का गं?"

"मी जवसावरच वाढले," मी म्हटलं.

ती पाकीट उलटंसुलटं करून बघू लागली. जवस म्हणजेच हे, हे तिला ठाऊक नव्हतं. मग तिनंच मला सगळं सांगितलं. यात ओमेगा-थ्री असतं, हृदयाला चांगलं. चोथा भरपूर, पोट साफ राहतं. बी अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं, म्हणून जरा भाजून, दळून घ्यायचं. दळून फार दिवस ठेवायचं नाही, खवट होतं. तेल तर उन्हात ठेवायचंच नाही आणि त्यात तळायचं नाही. मी मान डोलावत राहिले. तिचं सगळं बरोबर होतं. फक्त एक गोष्ट तिनं सांगितली नाही. ती मला पालघरजवळच्या माहीमला, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कळली होती.

माझं माहेर वर्ध्याकडचं. काळी जमीन, कापूस, तूर आणि गव्हाच्या कडेकडेनं जवस. पौषात जवसाला फुलं येतात. निळी, अगदी पातळ पाकळ्यांची. सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून जातात. दुपारी शेतात गेलेल्या माणसाला इथं काही फुललं होतं याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे भाकरीवर, ठेच्यावर, झुणक्यावर जवसाचं कच्चं तेल ओतून घेत. घाण्यावरून ताजं आलं की त्याला एक हिरवट, किंचित कडसर वास असे. थंडीत हातापायांच्या भेगांना तेच, बाळंतिणीच्या लाडवांत जवस, आणि जेवणात काही नसलं तरी जवसाची चटणी हवीच. जवस, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ. माझी आई ती उखळात कुटायची आणि कुटताना कोणाशी बोलायची नाही, कारण मिरची नाकात जायची.

आमचे हे जमीनमोजणीच्या कामावर दोन वर्षं वर्ध्याकडे होते. माझ्या भावाची आणि त्यांची ओळख झाली आणि त्यातून लग्न ठरलं. दोन्हीकडच्यांना ते जरा लांबचं वाटलं, पण झालं. तारापूरला तेव्हा मोठं बांधकाम सुरू झालं होतं, तिथं यांना नोकरी लागली आणि आम्ही यांच्या घरी माहीमला आलो. हे पहाटे एसटीनं पालघरला, तिथून गाडीनं बोईसरला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आमच्या पद्धतीनं आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी.

माझ्या ट्रंकेत आईनं दोन पुरचुंड्या दिल्या होत्या. एक चटणीची, एक कच्च्या जवसाची. पहिल्याच दिवशी मी चटणी ताटांत वाढली. मामंजींनी बोट लावून चाखली आणि विचारलं, "ह्या कसला गो?"

"जवस हाय जी."

आत्याबाईंनी बी चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. "ही अळशी. आमच्यात अळशी होडीला लावतात. नायतर गळवावर पोटीस बांधतात. खात कोन नाय."

मी "काहून?" म्हटलं आणि दोघंही हसले. माझं 'का'ऐवजीचं 'काहून' त्या घरात हसायला बरेच दिवस पुरलं.

तसं ते घर हसरं होतं. मागं मोठी वाडी. केळी, सुपारी आणि पानवेलींचे मांडव. मांडवाखाली भरदुपारीही ओलसर गारवा असे. आत्याबाई सकाळपासून वाडीत. पानं खुडायच्या, निवडायच्या, एकावर एक रचून केळीच्या पानात गुंडाळून करंड्या भरायच्या. त्यांच्या हाताखाली लखमी नावाची वारली बाई होती. आत डोंगराकडे तिची थोडी जमीन होती, त्यात पावसाळ्यात नागली म्हणजे नाचणी आणि खुरासणी म्हणजे कारळे व्हायचे. ते आटोपलं की ती कामाला इकडे यायची. लखमीनं माझं जवस पाहिलं तेव्हा तिला ते परकं वाटलं नाही. "आमच्या खुरासनीचा भाऊ वाटतो," ती म्हणाली. तेल निघणारं बी ती बोटांना लागणाऱ्या गुळगुळीतपणावरून ओळखायची.

भात कापून झालं होतं. खाचरात ओल होती आणि मामंजी वाल पेरायला निघाले होते. मी धीर करून म्हटलं, "मामंजी, एका कोपऱ्यात माझं जवस टाकू काय? याले वरून पाणी लागत नाही."

"पानी नाय लागत? मग टाक की. बगू तुज्या वऱ्हाडाची अळशी हितं काय करते."

मी बांधाला लागून दोन वाफ्यांइतकी जागा घेतली आणि मूठमूठ जवस फेकलं. सहाव्या-सातव्या दिवशी बारीक हिरवी टोकं दिसली. मामंजी रोज संध्याकाळी वाल बघायला म्हणून जायचे आणि आधी जवस बघायचे.

त्यांचा जीव माझ्यावर होता, हे मला एका बाटलीमुळे कळलं. माझ्या बोलण्यात एकदा येऊन गेलं होतं की माहेरी आम्ही भाकरीवर जवसाचं तेल घेतो आणि इथं आल्यापासून ते तोंडाला लागलेलं नाही. ते काही कामानं पालघरला गेले आणि परत आले ते कागदात गुंडाळलेली बाटली छातीशी धरून.

"सूनबाय, भाकरी काढ. तुजा तेल आनलाय. दुकानदार म्हनला एक नंबर हाय, दोनदा उकळलेला."

मी बूच काढलं. माझ्या आईच्या चुलीजवळचा वास त्यात कुठंच नव्हता. घट्ट, लाल, आणि रंगाच्या दुकानाचा वास. हे लाकडाला लावायचं तेल होतं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात औषधं घातलेली असतात आणि ते पोटात जाता कामा नये. एवढं मला माहेरच्या सुतारामुळे ठाऊक होतं. मामंजी समोर बसून वाट बघत होते. त्यांनी स्वतःच्या भाकरीचाही तुकडा पुढे केला होता.

खोटं बोलून बाटली बाजूला ठेवावी असं क्षणभर वाटलं. पण त्यांचा तो तुकडा बघून मी सांगून टाकलं. "मामंजी, नाव तेच हाय, पण हे खायचं नव्हं. हे दाराखिडक्यांचं तेल."

त्यांनी बाटली उचलून हुंगली. मग एवढे हसले की आत्याबाई वाडीतून आत आल्या. "आयकलास? मी सुनेला होडीचा रंग पाजायला निगालो व्हतो!" बाटली माळ्यावर गेली. पण त्या दिवसापासून या माणसाला आपण खरं सांगू शकतो, हे माझ्या मनात पक्कं झालं. पुढं ते उपयोगी पडलं.

मार्गशीर्षात माझ्या लक्षात आलं की आत्याबाई जेवत नाहीत. म्हणजे पानावर बसत, पण भात इकडचा तिकडे करून उठत. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. कधी काम करता करता त्या मांडवाचा खांब धरून उभ्या राहत आणि डोळे मिटून घेत. मी विचारलं तर "काय नाय" एवढंच. आमच्यात मुलीसुद्धा आईला असलं विचारत नसत, मी तर नवी सून. शेवटी मला धुण्यावरून कळलं. लुगड्यावर रक्ताचे डाग होते आणि त्यांचं पाळीचं वय केव्हाच संपलेलं. मी दगडावर लुगडं तसंच धरून बसून राहिले. संध्याकाळी त्यांना एकटं गाठून हळूच विचारलं.

त्या म्हणाल्या, "पोट साफ व्हत नाय. चार चार दिस. मग असा व्हतो."

मला हायसं वाटलं. हा तर आमच्या घरचा विषय होता. माझ्या आजोबांना आई रोज जवस द्यायची. मी उरलेलं जवस भाजलं, पाट्यावर बारीक केलं आणि आत्याबाईंच्या भातावर दोन चमचे घातलं. सकाळी दोन, रात्री दोन. त्यांनी नाही म्हटलं नाही. पोरीनं एवढ्या मायेनं केलंय म्हणून त्या खात राहिल्या. मी खूष होते. माझ्या माहेरचं काहीतरी या घराच्या उपयोगी पडत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्या ओटीवर आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. पोट फुगून ताठ झालेलं. उलट्या सुरू झाल्या. कपाळावर घाम. मामंजींनी बैलगाडी जोडली, मी आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही पालघरला निघालो. रस्ताभर त्या कण्हल्याही नाहीत. फक्त गाडीला धक्का बसला की माझं मनगट घट्ट धरायच्या. मी सारखं तेच म्हणत होते, मनातल्या मनात, की मी चारलं, मी चारलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पोट दाबून बघितलं, एनिमा दिला, आणखी काय काय केलं. दोन तासांनी आत्याबाईंचा चेहरा सैल पडला. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"काय खायला घालत होतात?"

मी सांगितलं.

"जवस वाईट नाही. उलट चांगलं आहे. पण वाटीभर पाण्यात चमचाभर जवस टाकून बघा, तासाभरात कसं चिकट, बुळबुळीत होतं ते. ते पाणी ओढतं आणि फुगतं. वरून भरपूर पाणी प्यायलं तर तेच आतडं मऊ ठेवतं. पाणी नसेल तर आत गोळा होऊन बसतं." मग त्यांनी आत्याबाईंपाशी येऊन विचारलं, "आई, दिवसाला पाणी किती पिता?"

आत्याबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

"दोन तांबे? तीन?"

डॉक्टर मला म्हणाले, "सध्या जवस बंद. आधी पाणी. हे दुखणं पाण्याचं आहे."

घरी आलो तोवर आळीत बातमी फिरली होती. वऱ्हाडातल्या सुनेनं सासूला रंगाचं बी चारलं. बायका चौकशीला येत, आत्याबाईंपाशी बसत आणि जाताना माझ्याकडे नीट बघून घेत. संध्याकाळी हे आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं ही वैदूगिरी करायला?" त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांची आई होती. दुसऱ्या दिवशी मी खाचरात गेले ती जवस उपटून टाकायलाच. ते वीतभर वाढलं होतं आणि वाऱ्यानं एका बाजूला झुकलं होतं. चार-पाच रोपं उपटली, मग हात चालेना. मी बांधावर बसून रडले. घर सोडून इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदाच.

आत्याबाईंनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. पण पाणीही त्या प्यायल्या नाहीत. मी तांब्या भरून उशाशी ठेवायची, त्या घोटभर घेऊन तोंड ओलं करायच्या आणि ठेवून द्यायच्या. मी विनवण्या केल्या, डॉक्टरांचं नाव घेतलं, रागावून बघितलं. त्या म्हणायच्या, "पिते गो. ठेव तितं."

कोडं उलगडलं लखमीकडून. वाडीत पानं धुताना मी तिला म्हटलं, "लखमी, आत्याबाई पाणी काहून पीत नाहीत? तुझ्यासंगं असतात दिवसभर."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की एवढं कसं कळत नाही या बाईला. मग म्हणाली, "पानी पिऊन ती जाईल कोटं?"

मला तरीही कळलं नाही. तिनं ओले हात पदराला पुसले आणि समुद्राच्या बाजूला हात केला. "आदी तितं सुरूचा बन व्हता ना. गावच्या बाया तितंच जात. दुपारची वेळ आली तरी आडोसा व्हता. औंदा तितून रस्ता काडला, रेतीच्या गाड्या जातात. सकाळी उजाडायच्या आदी जाऊन येते, मग दिसभर पोट बांदून ऱ्हाते. म्हनून पानी नाय पीत, जेवत नाय. आमचा काय, आमाना रान हाय. तिला कोटं?"

मीही इतके दिवस पहाटेच जात होते. पण मी विशीची होते, घरात सावलीत असायची, आणि माहेरी तूर उंच वाढली की आडोशाची अडचण नसायची. शिवाय मी दुपारी वाडीच्या टोकाला, केळीत, गुपचूप जाऊन यायची. आत्याबाईंना ते शक्य नव्हतं. मांडवावर गडी चढलेले असत आणि त्या मालकीण होत्या. ज्या बाईच्या शब्दावर सगळी वाडी चालायची, तिला दिवसा पाच मिनिटांचा आडोसा नव्हता.

हे डॉक्टरांना माहीत नव्हतं, यांना माहीत नव्हतं, मामंजींना माहीत नव्हतं. लखमीला माहीत होतं, कारण ती शेजारी बसून काम करायची.

त्या रात्री मी यांना सांगून पाहिलं. हे कूस बदलून म्हणाले, "असलं मी बाबांशी कसं बोलू?" म्हणजे ते काम माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी मामंजी वाल बघायला गेले तेव्हा मी मागोमाग गेले. जवसाला तेव्हा पहिली फुलं आली होती. दहा-बारा असतील. मामंजी उकिडवे बसून ती बघत होते. "निळा निगाला गो तुजा पीक," ते म्हणाले. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. समोर आले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"मामंजी, आत्याबाईंचं दुखणं कशानं हाय ते मले कळलं."

ते वळले नाहीत. मी लखमीनं सांगितलं तसं सगळं सांगितलं. सुरूचं बन, रस्ता, गाड्या, मांडवावरचे गडी. रक्ताचंही सांगितलं. सांगून झालं तेव्हा माझे कान तापले होते. सासऱ्याशी सुनेनं असं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही फार ऐकलं नाही.

मामंजी जमिनीकडे बघतच म्हणाले, "मी रोज दुपारचा तिच्यासमोर रहाटावर लोटाभर पानी पितो. कदी इचारला नाय, तू का पीत नाय." मग म्हणाले, "चाळीस वर्सं झाली लग्नाला."

मी घरी निघून आले. ते अंधार पडल्यावर आले आणि जेवून झोपले.

सकाळी मला कुदळीच्या आवाजानं जाग आली. घरामागं, वाडीच्या वाटेवर, विहिरीपासून लांब, मामंजी खड्डा खणत होते. एकटेच. त्यांचं वय साठीच्या पुढं. हे धोतर सावरत बाहेर आले, क्षणभर उभे राहिले आणि त्यांनी दुसरी कुदळ घेतली. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. बाप-लेक खणत राहिले. खाली वाळू लागली तशी माती ढासळू लागली, तर मामंजींनी गोल कडं बांधून घेतलं. वर दोन फरशा, कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीनं लिंपलेल्या. दार कोळीवाड्यातून आणलेल्या जुन्या होडीच्या फळ्यांचं. आणि त्या दाराला माळ्यावरची बाटली काढून, चिंधीनं, तीन हात तेल. त्याच थंडीत दुकानदाराचं ते एक नंबरचं अळशीचं तेल शेवटी योग्य ठिकाणी लागलं.

येणारेजाणारे थांबून बघत. घराला एवढा लागून संडास, म्हणून नाकं मुरडत. एक वडीलधारे गृहस्थ मामंजींना म्हणाले, "आपल्या वाडवडलांनी नाय केला असा कदी."

मामंजी दार घासत होते. "त्यांनी बायकांना इचारला नसंल," ते म्हणाले. "मी पन नव्हता इचारला."

आत्याबाई या सगळ्या दिवसांत ओटीवर बसून पानं निवडत होत्या. एकदाही मागं येऊन त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, मी त्यांची लाज चव्हाट्यावर आणली म्हणून त्या रागावल्या. शेवटच्या दिवशी दार बसलं. मामंजी मुद्दाम खाचराकडे निघून गेले आणि जाताना यांनाही घेऊन गेले. मी चुलीपाशी होते. आत्याबाई उठल्या, पदर घट्ट केला आणि मागल्या दारानं गेल्या. परत आल्या, हातपाय धुतले, आणि मला म्हणाल्या, "कडी जरा उंच लावलीय. तुज्या मामंजीला सांग, खाली घ्यायला." मग माठाकडे जाऊन त्यांनी तांब्या बुडवला आणि तो भरलेला तांब्या उभ्या उभ्या पिऊन टाकला. पुन्हा बुडवला. मी चुलीतला धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं.

त्यानंतर पंधरा दिवस नुसतं पाणी. मग त्यांनी स्वतःच जवस मागितलं. मी भीत भीत रात्री चमचाभर भिजत घातलं आणि सकाळी कोमट पाण्याबरोबर दिलं, वर आणखी तांब्याभर पाणी. फाल्गुनापर्यंत त्यांचा चेहरा भरला. रक्त थांबलं. भात मागून घेऊ लागल्या. हे जवसामुळे झालं की पाण्यामुळे की त्या दारामुळे, याचा हिशेब मला मांडता येत नाही. नात विचारते तसं जवसात किती टक्के काय, तेही मला येत नाही. बी चांगलं आहे एवढं मी सांगते. चमचा-दोन चमचे पुरेत, ताजं दळावं, आणि औषधाच्या गोळीबरोबर न घेता मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा, असं मलाही नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. शेतात त्याला पाणी नको असतं, पोटात हवं असतं. आणि कोणाला ते द्यायचं असेल तर त्या माणसाला पाणी प्यायची मुभा आहे का, ते आधी बघावं. औषध देणाऱ्याला हे क्वचितच सुचतं. मलाही सुचलं नव्हतं.

त्या साली माझं जवस फाल्गुनात तयार झालं. बोंडं वाळून खुळखुळू लागली. मी ते उपटून खळ्यावर काठीनं झोडपलं, लखमीनं सुपानं पाखडलं. वाल काढता काढता मामंजी मध्येच येऊन मुठीत घेऊन बघून गेले. एवढ्याशा जागेत एक डबा भरला. आत्याबाईंनी तो मागल्या दाराशी फळीवर ठेवला.

मग आळीतल्या बायका येऊ लागल्या. आत्याबाई बऱ्या झालेल्या सगळ्यांनी बघितल्या होत्या आणि रंगाच्या बियांची गोष्ट आता उलट्या बाजूनं फिरत होती. दुपारची जेवणं झाली, पुरुष लवंडले की कोणीतरी वाटी घेऊन दारात यायची. "काकी, जरा अळशी देशील काय? पोट साफ व्हत नाय." आत्याबाई तिला आत बोलवायच्या, वाटी तिच्या हातातून काढून फळीवर डब्याशेजारी ठेवायच्या आणि मागल्या दाराकडे बोट करायच्या. दाराशी त्यांनी एक घागर भरून ठेवायला सुरुवात केली होती. "घाई नाय," त्या म्हणायच्या. "मी बसलीय हितं. कोन येत नाय."

ती बाई मागून परत यायची, हात धुवायची, आत्याबाईंनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या घ्यायची आणि दोघी थोडा वेळ बसायच्या. मग ती घरी जायची. वाटी बरेचदा तशीच रिकामी फळीवर राहायची आणि दुसऱ्या दिवशी ती न्यायला म्हणून पुन्हा येणं व्हायचं. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, त्या जवस मागतात आणि नेत तर कोणी नाही."

"गप ऱ्हा," आत्याबाई म्हणाल्या. "डबा झाकून ठेव."

तो उन्हाळा सरला, तरी डबा जवळजवळ भरलेलाच होता.